सोनं शोधायचं जुनं मशीन, भाव भंगाराचा

परवा उल्हासनगरात एक ओळखीचा रिक्षावाला सोनं शोधायचं जुनं मशीन घेऊन आला. "दादा, गिऱ्हाईक बघा की." एका दुकानदाराला दाखवलं, तर त्याने थेट वजनकाटा पुढे केला!

ऑस्ट्रेलियात अशा जुन्या मशीनलाही चांगला भाव येतो. तिथल्या माइनलॅब कंपनीचं एसडी २००० हे मशीन १९९५ ला आलं आणि लोहमिश्रित मातीतलंही खोलवरचं सोनं सापडू लागलं. एक बरा गोटा मिळाला की पैसे वसूल.

आपल्याकडे अंबरनाथपासून मलंगगडापर्यंत काळा पाषाण. त्यात सोन्याचे गोटे नाहीत. उलट लोह एवढं की साधं मशीन उगाच ओरडतं.

राहिलं गुप्तधन. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, नाहीतर वर्षापर्यंत कैद. दहा रुपये! (तेव्हा ती रक्कम होती हो.) आणि अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळ खणलंत, तर संरक्षित स्मारकाचा गुन्हा वेगळा.

म्हणजे इथे मशीन विकत घेतलं जातं ते फक्त आशेवर, आणि आशेला सेकंडहँड भाव नसतो. पठ्ठ्याने बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून ते घेतलंय. पाटल्या अजून सावकाराकडेच आहेत.