अफवेचे गणित आणि राईनपाडा

मॉब लिंचिंगचा विषय निघाला की सांडोरच्या आमच्या अभ्यासवर्गात कुणीतरी म्हणतेच, "हे सगळे व्हॉट्सॲपने केले." आम्हाला हे पटत नाही. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या प्लेग रुग्णालयावर हल्ला केला. दवाखान्यात माणसांची 'मोमियाई' काढतात, अशी त्या काळात कुजबुज होती. तेव्हा कुणाच्या हातात मोबाईल होता?

त्याच मुंबईच्या प्लेगने पुढे गणिताला खाद्य पुरवले. १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक (हे मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते) यांनी साथीची समीकरणे मांडली आणि ती मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगमृत्यूंच्या आकड्यांशी ताडून पाहिली. १९६४ मध्ये डेली आणि केंडल यांनी साथीच्या गणिताशेजारी अफवेचे गणित ठेवले. लोकांचे तीन गट: न ऐकलेले, पसरवणारे आणि ऐकूनही आता न सांगणारे. पसरवणाऱ्याला "हे माहीत आहे" म्हणणारा भेटला की त्याचाही उत्साह मावळतो. म्हणजे या गणितात अफवा खोटी ठरली म्हणून थांबत नाही, शिळी झाली म्हणून थांबते! तोवर ती सुमारे ८० टक्के लोकांपर्यंत गेलेली असते.

पण इथे एक गृहीतक आहे: कुणीही कुणालाही सारख्याच शक्यतेने भेटतो. जिथे गाव वेगळे आणि वस्ती वेगळी, तिथे हे कसे चालेल? आदर्श समाजात एका भागातला बदल दुसऱ्या भागांपर्यंत नेणाऱ्या वाटा हव्यात, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये मांडले. आपल्याकडे अफवेला वाट मिळते, ओळखीला मिळत नाही.

१ जुलै २०१८. राईनपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना 'मुले पळवणारे' ठरवून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारले गेले. पाडा आदिवासींचा. वंचितांनीच वंचितांना मारले, हे लिहिताना हात अडखळतो, पण लपवून काय उपयोग? अफवा कशी पसरते ते समीकरण सांगते, कुणावर कोसळते ते सांगत नाही. १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. कायदा १९५२ मध्ये गेला, नजर गेली नाही.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने फॉरवर्डवर पाचाची मर्यादा आणली. पावणेदोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० ला, भर लॉकडाऊनमध्ये आमच्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. मागे मुलचोरांचीच अफवा. लगेच मारणाऱ्यांच्या धर्माची दुसरी अफवा उठली. शेवटी राज्याच्या गृहमंत्र्यांना अटकेतल्या १०१ जणांची यादी जाहीर करून, त्यात एकही मुस्लिम नाही, असे सांगावे लागले.