आदाम, ख्रिस्त आणि आपण : आरोपणाच्या सिद्धान्ताची प्रस्तावना

पौलाने फिलेमोनाला लिहिलेले पत्र अवघ्या २५ वचनांचे आहे. धन्यापासून दुरावलेल्या अनेसिम नावाच्या दासाला पौल परत पाठवतो आणि धन्याला कळवतो, की याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा याच्याकडे तुझे काही येणे असेल, तर ते माझ्या नावावर मांड. देणे एकाचे, ते अंगावर घेणारा दुसरा, आणि मोकळा होतो तो मूळचा देणेकरी. हाच व्यवहार देव आणि माणूस यांच्यात मानला, की आपण आरोपणाच्या सिद्धान्तापाशी येऊन पोचतो.

या सिद्धान्ताची तीन अंगे सांगतात. आदामाचे पाप त्याच्या वंशजांच्या माथी येते. पापी माणसांचे पाप ख्रिस्तावर ठेवले जाते. आणि ख्रिस्ताचे नीतिमत्त्व विश्वास ठेवणाऱ्याचे म्हणून गणले जाते. पहिल्या अंगाचा मुख्य आधार रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचा उत्तरार्ध, दुसऱ्याचा करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा पाचवा अध्याय. तिसऱ्यासाठी पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातल्या अब्राहामाकडे वळतो : त्याने देवावर विश्वास ठेवला आणि तो विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला.

वाद सुरू होतो तो आदामापासून. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियसचे म्हणणे असे, की आदामाने वाईट उदाहरण घालून दिले, त्याच्या पापाचा दोष मात्र वंशजांना लागत नाही. ऑगस्टिनने याला कसून विरोध केला. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसच्या मताचा निषेध केला आणि पश्चिमेकडच्या चर्चमध्ये आदिपापाची शिकवण पक्की झाली. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाच्या, ऑगस्टिनच्या हाती असलेल्या लॅटिन पाठाप्रमाणे सर्वांनी आदामाच्या ठायी पाप केले, असा अर्थ होत होता. ग्रीक मुळावरून आज बहुतेक अभ्यासक ‘सर्वांनी पाप केले म्हणून’ असा अर्थ घेतात. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेचा भर वेगळाच राहिला. आदामाकडून आपल्याकडे मरण आणि बिघडलेला स्वभाव आला, त्याचा वैयक्तिक दोष नव्हे, असे ती मानते.

सोळाव्या शतकात वादाचा रोख नीतिमत्त्वाकडे वळला. माणूस देवासमोर ज्या नीतिमत्त्वावर उभा राहतो ते त्याच्या बाहेरचे, ख्रिस्ताचे असते, हे ल्यूथरने ठासून सांगितले. मेलँक्थनने त्याला न्यायालयीन निर्णयाची नेमकी भाषा दिली. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मसभेने याला उत्तर दिले : नीतिमान ठरणे हे केवळ आरोपणाने होत नाही, पवित्र आत्म्याच्या द्वारे कृपा आणि प्रीती माणसाच्या अंतःकरणात ओतली जाते आणि तो खरोखर पालटतो. देव पाप्याला नीतिमान म्हणतो की नीतिमान करतो, हा या वादाचा गाभा. कॅल्विनने दोन्ही गोष्टी वेगळ्या ओळखूनही तोडल्या नाहीत. ख्रिस्ताशी जडलेल्याला क्षमा आणि नवे जीवन एकत्रच मिळते, असे त्याने मांडले. आरोपण म्हणजे कागदी हिशोब, असा आक्षेप घेणाऱ्याने कॅल्विनचे हे विवेचन आधी वाचावे.

पुढे फ्रान्समधल्या सोमूरच्या ला प्लास या धर्मपंडिताने सतराव्या शतकात नवा पेच टाकला. आदामाचा दोष आपल्यावर थेट येतो, की त्याच्याकडून आलेल्या भ्रष्ट स्वभावामुळे येतो? १७५८ साली प्रसिद्ध झालेल्या आदिपापावरील ग्रंथात जोनाथन एडवर्ड्सने आदाम आणि त्याचे वंशज यांचे ऐक्य देवाच्याच व्यवस्थेने ठरते, असा युक्तिवाद केला.

या साऱ्यामागे एक सरळ नैतिक प्रश्न आहे : एकाच्या करणीचा भार दुसऱ्याने का वाहावा? बापाच्या अपराधाबद्दल मुलगा दंड भोगणार नाही, असे यहेज्केलाचा अठरावा अध्यायच बजावतो. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. पण पौलाने आदाम आणि ख्रिस्त यांना एकाच तागडीत तोलले आहे. आदामाचा दोष मला लागणे अन्याय असेल, तर ख्रिस्ताचे नीतिमत्त्व मला लाभणे कोणत्या न्यायाने योग्य, हे सांगावे लागते. आणि लाभणे मान्य असेल, तर माणूस देवासमोर एकटा उभा नाही, हेही मान्य करावे लागते. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, कृपा अपराधाहून कितीतरी मोठी आहे, हेही पौल तिथेच सांगतो. म्हणून दोन्ही अंगे एकत्र वाचावीत, हे माझे ठाम मत आहे.

हा वाद इतिहासजमा झालेला नाही. १९७७ साली ई. पी. सँडर्सच्या पौलावरील ग्रंथाने नवी चर्चा पेटवली. एन. टी. राइट यांनी आरोपणाच्या रूढ मांडणीवर प्रश्न उभे केले, तर जॉन पायपर यांनी तिचा कैवार घेतला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लुथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. त्याने सगळे मतभेद मिटले नाहीत, पण जुने निषेध नव्याने तपासले गेले.

मराठी वाचक या विषयाकडे रित्या हाताने येत नाही. ‘करावे तसे भरावे’ हे त्याला ठाऊक आहे आणि श्राद्धात एकाच्या कृतीचे फळ दुसऱ्याला पोचते, हेही. काशीचे नीलकंठशास्त्री गोरे १८४८ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ‘षड्दर्शन दर्पण’ लिहून हिंदू दर्शनांची कसून चिकित्सा केली. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणले. ही वाट आपल्याच माणसांनी चोखाळलेली आहे.

नव्या अभ्यासकाने रोमकरांस पत्राचा चौथा आणि पाचवा अध्याय एका बैठकीत वाचावा. मग ऑगस्टिन, ल्यूथर आणि ट्रेंटचे ठराव त्यांच्याच शब्दांत वाचावेत, विरोधकांनी केलेल्या सारांशांतून नव्हे. विश्वासू असो वा जिज्ञासू, प्रत्येकाला इथे जागा आहे. घाईने बाजू घेऊ नका. आधी प्रत्येक पक्षाचे म्हणणे त्याला स्वतःला पटेल अशा रीतीने मांडून पाहा.