एका संयोगचिन्हाची गोष्ट

जर्मनीत अभियांत्रिकीतली सर्वोच्च पदवी ‘डॉक्टर-इंजेनिऊर’ या नावाने दिली जाते. थोडक्यात लिहायचे तर ‘डॉ.-इंग.’ मधली ती आडवी रेघ तिथे मुद्दाम बसवलेली आहे. ती का, हे समजण्यासाठी १८९९ सालापर्यंत मागे जावे लागेल.

त्या काळी जर्मनीत उच्च शिक्षणाची दोन घराणी होती. एक जुन्या विद्यापीठांचे. तिथे कायदा, वैद्यक, धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवत. गणित आणि निसर्गविज्ञानेही बहुधा तत्त्वज्ञानाच्याच विभागात असत. दुसरे घराणे तंत्रविद्यालयांचे; तिथे पूल, वाफेची इंजिने, विजेची यंत्रे यांचे शिक्षण मिळे. डॉक्टरेट देण्याचा अधिकार मात्र फक्त पहिल्या घराण्याकडे होता. लुडविग प्रांटल हे नाव पुढे विमानविद्येत गाजले. त्यांचे शिक्षण म्युनिकच्या तंत्रविद्यालयात झाले, प्रबंधही तुळई बाजूला कलंडण्याच्या प्रश्नावर, म्हणजे शुद्ध अभियांत्रिकीचा. पण १९०० साली डॉक्टरेट घ्यायला त्यांना म्युनिक विद्यापीठातच जावे लागले.

विद्यापीठांचे म्हणणे असे, की ज्ञानासाठी ज्ञान ते विज्ञान. उपयोगासाठी शिकतात ती कारागिरी. यात नुसता मानापमान नव्हता. प्रशियाच्या शासकीय सेवेत वरच्या जागा कायद्याच्या पदवीधरांकडे जात आणि इंजिनिअर त्यांच्या हाताखाली राहत.

बर्लिनजवळच्या शार्लोटनबुर्ग तंत्रविद्यालयातले प्राध्यापक आलोइस रीडलर या लढ्यात पुढे होते. आपले शास्त्र खरे शास्त्र आहे हे दाखवायला ते जास्त गणिताचा आग्रह धरतील असे आपल्याला वाटेल. त्यांनी उलटे केले. १८९३ साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळा पाहून आल्यावर, गणिताचा भार कमी करा आणि विद्यार्थ्यांना खऱ्या यंत्रांवर प्रयोग करू द्या, असा धोशा त्यांनी लावला. यंत्रावर काळजीपूर्वक घेतलेले मोजमाप हेही विज्ञानच, ही त्यांची भूमिका. मला ती आजही पटते.

ऑक्टोबर १८९९ मध्ये शार्लोटनबुर्गच्या संस्थेचा शतकमहोत्सव होता. तिची एक पूर्वज संस्था, बांधकाम अकादमी, १७९९ सालची. तो मुहूर्त साधून सम्राट दुसरा विल्हेल्म याने प्रशियातल्या बर्लिन, हानोवर आणि आखेन या तिन्ही तंत्रविद्यालयांना पदवीचा अधिकार दिला. पदव्या दोन होत्या. आधी ‘डिप्लोम-इंजेनिऊर’: शालान्त प्रमाणपत्रानंतर काही वर्षांचा अभ्यास, मध्ये एक पूर्वपरीक्षा, शेवटी मुख्य परीक्षा. ती मिळवलेल्यालाच पुढची वाट मोकळी. त्याने स्वतंत्र संशोधनाचा प्रबंध लिहायचा, तोंडी परीक्षा द्यायची, तेव्हा कुठे ‘डॉक्टर-इंजेनिऊर’. म्हणजे अटी विद्यापीठांसारख्याच, शिवाय आधीची डिप्लोम परीक्षा सक्तीची.

तरी एक मेख होतीच. नवी पदवी विद्यापीठांच्या लॅटिन पदवीशी कोणी गोंधळून एक समजू नये, म्हणून तिचे नाव जर्मन ठेवले, मध्ये संयोगचिन्ह घातले, आणि संक्षेप जर्मन वळणाच्या अक्षरांतच लिहावा असे फर्मानातच नमूद केले! सन्मान्य पदवीलाही नेहमीची लॅटिन संज्ञा न लावता ‘सन्मानार्थ’ या अर्थाची जर्मन अक्षरे जोडली गेली.

इतर जर्मन राज्यांनी लवकरच हा कित्ता गिरवला. म्युनिकच्या तंत्रविद्यालयाला हा अधिकार १९०१ साली मिळाला. प्रांटल यांना वर्षभर उशीर झाला असता, तर घरच्याच पदवीवर भागले असते.

१९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर ‘डिप्लोम’ची जागा बहुतेक ठिकाणी बॅचलर आणि मास्टर पदव्यांनी घेतली. ‘डॉ.-इंग.’ मात्र टिकून आहे. आज बरेच उमेदवार संशोधनसंस्थेत पगारी सहायक म्हणून काम करत काही वर्षांत प्रबंध पुरा करतात, आणि तो प्रकाशित केल्यावरच पदवी लावू शकतात. जर्मन वळणाची अक्षरे केव्हाच गेली; ‘डॉ.’ आणि ‘इंग.’ यांच्यामधली ती रेघ अजून तिथेच आहे.