रुग्ण, पात्र आणि सहभागी

वैद्यकाच्या इतिहासात नावे राहतात ती बहुधा शोध लावणाऱ्यांची. ज्यांच्या देहावर तो शोध पारखला गेला त्यांची राहत नाहीत. वंध्यत्वावरील संशोधनाचा आपल्याकडील इतिहास वाचताना ही गोष्ट विशेष खटकते. आम्ही नांदेड-लातूरकडे मराठी शिकवणारे. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. परंतु 'वांझ' हा शब्द बाईच्याच माथी मारणाऱ्या भाषेचे आम्ही अध्यापक आहोत, आणि ओटभरणीच्या वेळी हळूच बाजूला होणारी स्त्री आमच्या परिचयाची आहे. माहूरच्या रेणुकेला नवस बोलून मग दवाखान्याची पायरी चढणारी ही स्त्री एखाद्या संशोधनात सामील होते, तेव्हा तिथे ती कोण असते, हा प्रश्न आम्हांला भाषेचाही वाटतो.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून जन्मलेली ही शास्त्रीय नोंदींनी सिद्ध झालेली भारतातील पहिली परीक्षानलिका-बालिका. त्याआधी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून 'दुर्गा' जन्मली होती. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. त्यांची कागदपत्रे तपासून पहिलेपणाचा मान त्यांना द्यावा, असे १९९७ साली लिहिले ते आनंदकुमारांनीच. स्वतःचा मान दुसऱ्याच्या पदरी घालणारा असा संशोधक विरळा.

या शोकांतिकेवर रमापद चौधुरी यांनी 'अभिमन्यू' ही कादंबरी लिहिली आणि तिच्यावरून तपन सिन्हा यांनी १९९० साली 'एक डॉक्टर की मौत' हा चित्रपट काढला. चित्रपटातला शोध मात्र कुष्ठरोगावरील लसीचा आहे. डॉक्टरांची व्यथा त्यात उरली. दुर्गेच्या आईला जागा उरली नाही. अनोळखी प्रयोगाला आपला देह देण्याचे तिचे धाडस साहित्याच्याही नजरेतून निसटले, असे म्हणावे लागते.

निदान त्या मातांना आपण काहीतरी नवे करू पाहत आहोत, याची कल्पना असावी. २००३ साली तेवढेही उरले नाही. लेट्रोझोल हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध. स्त्रीबीज तयार व्हावे म्हणून ते देशातील चारशेहून अधिक स्त्रियांना देण्यात आले. त्या वापराला सरकारी परवानगी नव्हती, आणि आपण चाचणीचा भाग आहोत हे त्या स्त्रियांना सांगितले गेले नाही, असा गंभीर आक्षेप तेव्हा पुढे आला. २०११ साली वंध्यत्वासाठी या औषधाच्या वापरावर भारतात बंदी आली. पुढे अमेरिकेत बीजकोशाच्या पीसीओएस या विकाराच्या ७५० स्त्रियांवर रीतसर संमती घेऊन चाचणी झाली. २०१४ साली तिचे निष्कर्ष आले: लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के, तर जुने औषध घेतलेल्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले. २०१७ साली आपल्याकडील बंदी उठली. औषध चांगले ठरले. म्हणून न विचारता देणे चांगले ठरत नाही. उत्तर तेच असले, तरी एकीकडे ते स्त्रियांना सोबत घेऊन शोधले गेले आणि दुसरीकडे त्यांच्या नकळत.

नियमांची भाषा पुढे बदलली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २००० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात इंग्रजीतला 'सब्जेक्ट' हा शब्द होता. २००६ साली तिथे 'पार्टिसिपंट', म्हणजे सहभागी, आला. हेलसिंकीच्या जागतिक जाहीरनाम्याने हा बदल २०२४ साली केला. २००९पासून चाचण्यांची नोंदणी सक्तीची झाली. संमतीपत्र सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत असावे, वाचता न येणाऱ्यासाठी निःपक्ष साक्षीदार असावा, असा आज नियम आहे.

पण 'समजेल अशी भाषा' म्हणजे कोणती? 'यादृच्छिक वाटप' असे छापले म्हणजे मराठी झाली खरी, पण ती कोणाला समजणार? कोणते औषध मिळणार ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल, डॉक्टरही ते निवडणार नाहीत. मिळणारी गोळी औषधाविना, नुसती तशीच दिसणारी असू शकते. केव्हाही माघार घेता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत: इतके सोपे लिहिता येते. लेकरासाठी आसुसलेल्या बाईला प्रत्येक सुई उपचारच वाटते. ही चाचणी उत्तर शोधण्यासाठी आहे, मूल होण्याची हमी नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगणे म्हणूनच अधिक निकडीचे. ते शब्द घडवण्याच्या कामी मराठीचे अध्यापक आणि विद्यार्थी पडले, तर पुढच्या इतिहासात ती स्त्री निनावी राहिली तरी अजाण राहणार नाही.