टॅबलेट आणि डेस्कटॉप एक होणार नाहीत

टॅबलेटची आणि डेस्कटॉपची ऑपरेटिंग सिस्टीम लवकरच एकच होणार, हे मत आता इतके रूढ झाले आहे की त्याला कोणी पुरावा विचारत नाही. तो विचारायला हवा. मात्र आधी प्रतिपक्षाची बाजू पूर्ण मांडतो. ती कच्ची नाही.

त्यांचे म्हणणे असे. ॲपलने 2020 मध्ये मॅकमध्ये बसवलेली एम1 चिप 2021 मध्ये आयपॅड प्रोमध्ये आली. आयपॅडला 2020 मध्ये ट्रॅकपॅडची सोय मिळाली आणि 2025 मध्ये हव्या तशा हलवता येणाऱ्या विंडो व मेन्यू बारही मिळाला. क्रोमओएस आणि अँड्रॉइड एकत्र आणत असल्याचे गूगलने त्याच वर्षी सांगितले. आजची मुले तर बोटानेच संगणक शिकली. शिवाय जुन्नर-आंबेगावात दोन-दोन यंत्रे घेणे किती घरांना परवडते? मग भेद उरला कुठे?

चिपचा मुद्दा प्रतिपक्षावरच उलटतो. आयफोनची सिस्टीम 2007 पासून मॅकच्याच गाभ्यावर उभी आहे. गाभा एक, पुढे चिपही एक. तरीही त्याच कंपनीने वरचा भाग वेगळा ठेवला. अडचण तांत्रिक असती, तर ती 2021 लाच संपली असती.

एकीकरणाचा प्रयोग झाला नाही, असेही नाही. मायक्रोसॉफ्टने 26 ऑक्टोबर 2012 रोजी विंडोज 8 आणली, बोटासाठी आखलेली स्क्रीन माउसवाल्यांपुढेही ठेवली आणि स्टार्ट बटण काढून टाकले. वर्षभरात बटण परत आले. 2015 मध्ये स्टार्ट मेन्यू परतला. 2021 च्या विंडोज 11 मधून टॅबलेट मोडच गेला. फोनपासून डेस्कटॉपपर्यंत एकच उबुंटू चालवण्याचा संकल्पही 2017 मध्ये सोडून द्यावा लागला. पैसा, मनुष्यबळ, जिद्द, कशाची कमतरता होती?

खरे कारण आमच्या तालुक्यातल्या सातबाऱ्यावर दिसते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. टोमॅटोच्या सरीत उभा असलेला शेतकरी एका हातात फोन धरतो, अंगठ्याने गट नंबर निवडतो, पीक आणि क्षेत्र भरतो आणि जागेवरच फोटो काढतो. एका वेळी एकच प्रश्न, मोठे बटण, उन्हातही दिसेल असे. हे काम टेबलावरच्या संगणकाने होणारच नाही, कारण संगणक बांधावर येत नाही.

आता त्याच सातबाऱ्यावर फेरफार धरणारा तलाठी पाहा. एका बाजूला दस्त, दुसऱ्या बाजूला चालू सातबारा. खातेदारांची नावे अक्षर न् अक्षर जुळली पाहिजेत, हेक्टर-आरचे आकडे जुळले पाहिजेत. पुढे मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की हक्क बदलतो. इथे एका आराची चूक म्हणजे दोन भावांत वाद. या माणसाला दोन कागद एकाच वेळी डोळ्यांपुढे हवेत, दहा बोटांना की-बोर्ड हवा आणि नेमके एकच अक्षर पकडणारा माउस हवा. बोट टेकवले की ते अक्षर बोटाखालीच झाकले जाते. नोंद एक, अभिलेख एक. तरी हाताची ठेवण, नजरेचे अंतर आणि चुकीची किंमत वेगळी. वरची रचना यांवरून ठरते, चिपवरून नव्हे.

खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचेही तेच. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, म्हणजे 435 जोड्या. त्यांच्या मापनांतून सदोष भाग वेचून काढणारे ‘कासा’सारखे (CASA) सॉफ्टवेअर लिनक्सवर आणि मॅकवर चालते. ते टॅबलेटवर आणून कोणाची सोय होणार?

राहिली नव्या पिढीची सवय. सवय बदलते, बोटाची रुंदी बदलत नाही. आणि 2025 च्या आयपॅडमधल्या विंडो? की-बोर्ड जोडून टेबलावर ठेवला की तो डेस्कटॉपसारखा वागतो. हातात घेतला की पुन्हा टॅबलेट. एका खोक्यात दोन वागणुकी बसवल्या, म्हणून त्या एक झाल्या का? खोके एक होईल, गाभा एक होईल, फाइली एकाच सर्व्हरवर राहतील. हे सारे मला मान्य आहे. खर्चाचा मुद्दाही त्यातूनच काही अंशी सुटेल. पण काम करण्याची रीत एक होणार, हा दावा यातल्या कशानेही सिद्ध होत नाही.

निर्णय वाचकांनी करावा. ग्रामपंचायतीसाठी आणि शाळेसाठी संगणक घेणाऱ्यांना मात्र माझी विनंती आहे : ‘पुढे सगळे एकच होणार’ या भरवशावर डेस्कटॉपच्या जागी टॅबलेट घेऊ नका. आधी काम पाहा, मग यंत्र घ्या.