चार सुरांचा बिगुल

आमच्या शाळेत एकच बिगुल होता. कडेला दबलेला, एका बाजूने डाग दिलेला. शनिवारी सकाळी चिंच आणि राख घेऊन तो घासायचे काम ज्याच्याकडे असे, त्यालाच तो वाजवायला मिळे. आठवीत असताना ते काम माझ्याकडे आले. बिगुलाला ना चावी असते ना भोक, त्यामुळे बोटांना काहीच काम नसते. सगळी कामगिरी ओठांची आणि दमाची. पेटीवर दाखवायचे तर खालचा प, मग सा, मग ग आणि वरचा प. खाली-वर आणखी एखादा सूर ओढूनताणून निघतो, पण कामाचे हे चारच. एवढ्या चार सुरांवर झेंडा चढायचा, उतरायचा आणि दोनशे पोरे सावधान व्हायची.

26 जानेवारीला तालुक्याच्या मैदानावर शाळांच्या संचलनाची स्पर्धा असे. एका वर्षी थंडीने ओठ बधिर झाले आणि नेमका वरचा प फुटला. ढाल दुसऱ्या शाळेला गेली. ती माझ्या सुरामुळे गेली की मागच्या रांगेतल्या पोरांचे पाय चुकल्यामुळे, हे कुणी सांगितले नाही. परीक्षकांचे कागद आम्ही कधी पाहिलेच नाहीत. घरी आल्यावर अब्बांनी फक्त एवढेच विचारले, "जेवलास का?"

ही गोष्ट पुढे मी विसरलोही असतो. पण नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात काही महिने राहणे झाले आणि तिथल्या कारखान्यात एक फोरमन भेटला. वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा. जेवणाच्या सुट्टीत तो दोन बोटांनी टेबलावर ताल धरायचा, आणि तो साधासुधा ताल नव्हता. मी विचारले तेव्हा म्हणाला, "ड्रम कोअर." त्यालाही एक चूक आठवत होती, 1972 सालची. फरक इतकाच की आपल्या चुकीची किंमत त्याला दशांशात माहीत होती.

हे ड्रम अँड ब्यूगल कोअर काय प्रकरण आहे ते आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही, म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो.

ढोल आणि बिगुल ही लष्करातली निरोप्यांची वाद्ये. उठा, जेवा, चढाई करा, मागे फिरा, सगळे हुकूम त्यांच्यावर. अमेरिकी सैन्यात सैनिकाच्या दफनाच्या वेळी वाजणारी 'टॅप्स' ही धून 1862 साली, तिथल्या यादवी युद्धात, जनरल डॅनियल बटरफिल्ड याने आपल्या छावणीत बसवून घेतली. तीही याच चार सुरांची. प, सा, ग, प. जाता जाता एक सांगून टाकतो. युरोपी फौजांच्या बँडमधला मोठा ढोल आणि झांजा अठराव्या शतकात उस्मानी तुर्कांच्या 'मेहतर' या लष्करी वाद्यवृंदाकडून आल्या. ज्यांच्या ढोलांचा धाक घेतला, त्यांचेच ढोल नंतर आपल्या पलटणीपुढे चालवले. पुढे 1826 साली सुलतानाने जॅनिसरी पलटणी मोडल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर मेहतरही बंद पडला. वाद्ये मात्र तोवर केव्हाच परक्या घरी नांदायला लागली होती.

पहिल्या महायुद्धापर्यंत रेडिओ आणि टेलिफोन आले होते, लढाईच्या मैदानावर बिगुलाचे काम कमी झाले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी 1919 साली 'अमेरिकन लीजन' ही संघटना काढली. परदेशी लढाईत भाग घेतलेल्यांची 'व्हीएफडब्ल्यू' त्याआधीपासून होतीच. गावोगाव त्यांच्या शाखा निघाल्या. लष्कराने मोडीत काढलेले बिगुल आणि ढोल स्वस्तात मिळत होते. माजी सैनिकांनी पथके केली, अधिवेशनांत स्पर्धा लावल्या आणि मग आपली पोरेही त्यात ओढली. चर्चची पथके निघाली, बालवीरांची निघाली. न्यू जर्सीतल्या गारफिल्डचे होली नेम कॅडेट्स 1934 चे, मॅडिसन स्काउट्स 1938 चे. शिकागोचे कॅव्हेलियर्स 1948 साली डॉन वॉरेन याने एका बालवीर पथकातून उभे केले. वायोमिंगमधल्या कॅस्पर या गावात जिम जोन्सने 1957 मध्ये ट्रूपर्स काढले. त्यांचा गणवेश 1860 च्या दशकातल्या ओहायोच्या घोडदळाचा, कारण त्याच घोडदळातल्या एका तरुण अधिकाऱ्याच्या नावावरून गावाला नाव पडले होते. पोरे अंगावर गावाचा इतिहास घालून मैदानात उतरत.

पैसा कुठून यायचा? मला सर्वांत मजा वाटली ती याची. बिंगो. म्हणजे आपल्याकडे क्लबात किंवा लग्नाघरी खेळतात ती हाऊजी. अनेक पथके आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी हॉलमध्ये बिंगो लावत. आया आणि मावश्या तिकिटे विकत, आणि आकड्यांच्या त्या पुकाऱ्यावर पितळ विकत घेतले जाई, बसचे डिझेल भरले जाई. फोरमनची आई अशीच तिकिटे विकायची. वडील ओतकामाच्या भट्टीवर. तो म्हणायचा, गल्लीतला कुणीही पोरगा जाऊन उभा राहिला की त्याच्या हातात काठ्या द्यायचे. वाजवता येते का असे आधी कुणी विचारायचे नाही, येत नसेल तर शिकवायचे.

बिगुलाच्या चार सुरांवर मात्र ही मंडळी थांबली नाहीत. आधी एक झडप आली. ती दाबली की वाद्याची पट्टी उतरते आणि सुरांची दुसरी शिडी हाती लागते. मग आणखी एक फिरती झडप आली. तरी काही सूर राहूनच जात, म्हणून धून बसवणाऱ्याला एकाच ओळीतले तुकडे वेगवेगळ्या वादकांत वाटून द्यावे लागत. 1977 च्या सुमारास दोन उभ्या झडपांना मान्यता मिळाली, 1990 मध्ये तीन, आणि 2000 पासून कुठल्याही पट्टीतली पितळी वाद्ये चालू लागली. म्हणजे नाव बिगुलाचे, पण बिगुल संपला. जुनी माणसे यावर अजून वाद घालतात. माझा कल त्यांच्या बाजूने आहे, पण मी चिंचेने बिगुल घासलेला माणूस, माझे मत कोण धरणार?

आता स्पर्धेकडे येतो, कारण खरा जीव तिथे अडकलेला.

अमेरिकी फुटबॉलचे मैदान. पथक एका टोकाच्या रेषेवर उभे. जुन्या पद्धतीत आधी तपासणी होई. बुटांची लकाकी, बटणे, टोपीचा पट्टा, सगळे. मग वेळ सुरू. बारा-तेरा मिनिटांत ठरलेला कार्यक्रम पुरा करायचा, सगळे पाठ, हातात कागद नाही. राष्ट्रध्वज घेऊन चालणारी तुकडी पथकातच असे, आणि ध्वजाच्या मानात काही चुकले तर गुण जात. या सगळ्याच्या मध्ये, वाजवणाऱ्या पोरांच्या रांगांतून, पाट्या घेतलेले परीक्षक चालत असत. वादनाच्या आणि चालण्याच्या अचूकतेचे पूर्ण गुण आधीच खात्यावर जमा धरलेले. एक काठी उशिरा पडली, एक पाय रेषेबाहेर गेला, एक सूर चिरला, की परीक्षक पेन्सिलने खूण करी. एका खुणेला एक दशांश गुण वजा. या खुणेला सगळे 'टिक' म्हणत.

विचार करा. सतरा-अठरा वर्षांचे पोर छातीवर ढोल बांधून चालते आहे आणि दोन हातांवर एक अनोळखी माणूस त्याच्या मनगटाकडे पाहत उभा आहे. त्या माणसाकडे बघायचे नाही. मिळवायचे काही नाही, आहे ते फक्त सांभाळायचे. बाहेरच्याला ही पद्धत क्रूर वाटेल, मलाही ऐकताना वाटली. पण जुन्या खेळाडूंना ती प्यारी होती. कारण तिच्यात वशिला नव्हता, निदान असे त्यांना वाटे. खूण दिसे, मोजता येई. भट्टी कामगाराच्या पोराची काठी आणि डॉक्टरच्या पोराची काठी, दोन्ही एक दशांशाच्याच.

मात्र स्पर्धा भरवणाऱ्या माजी सैनिकांच्या संघटनांवर पथकांची नाराजी वाढत गेली. नियम त्यांचे, परीक्षक त्यांचे, पैसा त्यांच्या हातात, आणि उन्हातान्हात वणवण करणाऱ्या पथकांच्या वाट्याला तुटपुंजे मानधन. 1971 मध्ये ट्रूपर्स, कॅव्हेलियर्स, ब्लू स्टार्स, मॅडिसन स्काउट्स आणि सांता क्लारा व्हॅनगार्ड या पाच पथकांनी एकी केली. पूर्वेकडच्या पथकांनी तशीच दुसरी एकी केली. त्यातून 'ड्रम कोअर इंटरनॅशनल' ही पथकांची स्वतःची संस्था उभी राहिली आणि ऑगस्ट 1972 मध्ये तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा विस्कॉन्सिनमधल्याच व्हाइटवॉटर या छोट्या विद्यापीठाच्या गावी झाली. अंतिम फेरीला बारा पथके. जिंकले कॅलिफोर्नियाचे अनाहाइम किंग्जमेन, दुसरे आले विस्कॉन्सिनच्या ला क्रॉस गावचे ब्लू स्टार्स.

आमच्या फोरमनचे पथक त्या बारांत नव्हते. प्राथमिक फेरीतच संपले. वाजवता वाजवता त्याची काठी निसटली. ढोलवाल्याच्या कमरेला जादा काठी असते, ती त्याने काढली आणि चौथ्या ठोक्याला परत तालात आला. पण परीक्षक नेमका समोर होता. रात्री गुणपत्रक वाचून दाखवले तेव्हा कुणी त्याचे नाव घेतले नाही. बसमध्ये शेजारच्या पोराने त्याला अर्धे सँडविच दिले. "तेवढ्याने आम्ही हरलो नाही, आम्ही पुष्कळ मागे होतो," तो मला म्हणाला, आणि लगेच पुढे म्हणाला, "पण तो एक दशांश माझा होता." त्याच वर्षी तो नोकरीला लागला. त्याच्या रांगेतले दोघे व्हिएतनामहून परत आले होते आणि वयात बसत होते म्हणून पुन्हा वाजवत होते. एकवीस वर्षे झाली की पथकातून बाहेर पडायचे, हा नियम सर्वांना सारखा.

स्वतःची संस्था झाली, ते योग्यच झाले. वाजवणाऱ्यांच्या हाती कारभार आला, कलेला मोकळीक मिळाली. 1984 च्या हंगामापासून टिक पद्धत गेली आणि गुण वजा करण्याऐवजी मिळवत जाण्याची पद्धत आली. त्याच्या आदल्याच वर्षी गारफिल्ड कॅडेट्सनी सरळ रांगा मोडून वाकड्यातिकड्या, वितळत जाणाऱ्या आकृत्यांनी अजिंक्यपद नेले होते. जॉर्ज झिंगाली याची ती रचना. चित्रफीत पाहिली तर आजही डोळे ठरत नाहीत. जमिनीवर ठेवायची मोठी वाद्ये त्याआधीच आली होती, पुढे ध्वनिवर्धकही आले. मुली पूर्वीपासून होत्या, कित्येक पथके तर फक्त मुलींची होती; पण मॅडिसन स्काउट्ससारख्या मुलांच्याच पथकाने सर्वांना दार उघडण्याचे जाहीर केले ते 2019 मध्ये.

या सगळ्याचा खर्च वाढला. राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे उन्हाळाभर देशभर फिरणे, शाळांच्या व्यायामशाळांत जमिनीवर झोपणे, तीन-चार बस, सामानाचे ट्रक, फिरते स्वयंपाकघर. गल्लीतल्या बिंगोवर ते निभेना. चर्चची आणि लीजनच्या शाखांची छोटी पथके शेकड्यांनी मिटली. पहिले विजेते किंग्जमेनसुद्धा 1980 च्या दशकात मैदानावरून नाहीसे झाले. मॅसॅच्युसेट्सचे नावाजलेले 27th लान्सर्स 1986 नंतर उतरले नाहीत. आज अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या छप्पर असलेल्या प्रचंड स्टेडियममध्ये होते. वाजवणारे बहुतेक संगीत शिकणारे विद्यार्थी असतात, निवड चाचणी देऊन येतात आणि एका हंगामासाठी काही हजार डॉलर भरतात. वाजवतात मात्र असे, की आमच्या फोरमनच्या पथकाला ते स्वप्नातही जमले नसते. हे त्यानेच सांगितले. नंतर थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मला आज घेतले नसते."

पुण्यात नदीकाठी गणपतीआधी ढोल-ताशा पथकांचा सराव पाहतो तेव्हा त्याचे हे वाक्य मला हटकून आठवते. तिथेही आता नावनोंदणी असते, गणवेशाचे पैसे असतात. पण काठी हातात घेऊन उभ्या राहिलेल्या पोराला अजून तरी परत पाठवत नाहीत.

परतण्याच्या आदल्या रविवारी तो मला गाडीतून व्हाइटवॉटरला घेऊन गेला. स्टेडियमचे फाटक उघडेच होते, मैदानावर कुणी नव्हते. मी त्याला माझ्या फुटलेल्या सुराची गोष्ट सांगितली, ढालीची, आणि कधीच न दिसलेल्या कागदांचीही. तो ऐकत ऐकत पावले मोजत चालला होता. एका जागी थांबला, बुटाच्या टाचेने गवत थोडे बाजूला केले आणि म्हणाला, "मी इथे होतो. तो तिथे उभा होता." मग मला त्या परीक्षकाच्या जागी उभे केले आणि रिकाम्या हातांनी त्याने तो सगळा तुकडा पहिल्यापासून वाजवून दाखवला.