खरादी आणि कातारी : लाकडी वाटीच्या कारागिरीचा एक मागोवा

बालाघाट जिल्ह्यातील उकवा हे गाव मँगनीजच्या खाणीसाठी ओळखले जाते. 1956 पूर्वी हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. त्यामुळे येथे हिंदीबरोबर मराठीही रुळली. या भागात लेथला ‘खराद’ म्हणतात. लोखंड कातणाऱ्या यंत्राला लागलेले हे नाव मुळात लाकूड कातणाऱ्यांचे आहे. अरबी ‘खर्रात’ म्हणजे लाकूड कातणारा. तोच शब्द फारसी-उर्दूमार्गे ‘खराद’ व ‘खरादी’ असा आपल्याकडे आला. कैरोच्या जुन्या घरांतील मशरबिया, म्हणजे जाळीदार खिडक्या, याच कारागिरांच्या हातच्या होत.

मात्र यावरून ही कलाच बाहेरून आली असे मानणे योग्य ठरणार नाही. मराठीत या कारागिराला ‘कातारी’ हे स्वतःचे नाव आहे आणि ‘कातीव’ हे विशेषण आपण आजही वापरतो. दोन्ही शब्द एकत्र नांदले, याचा अर्थ कसबाची देवाणघेवाण झाली, एवढेच म्हणता येईल.

वाटी कातण्याची जुनी रीत पाहू. लाकडाला दोरीचा वेढा देऊन धनुष्याने ते पुढे-मागे फिरवीत. धार फक्त एका दिशेच्या फेऱ्यात लागे, उलट फेरा रिकामा जाई. बाहेरचा आकार सोपा. खरी परीक्षा आत पोकळी काढताना. लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आटत नाही, वर्तुळाच्या दिशेने ते अधिक आटते. म्हणून ओली वाटी जाडसर कातून वाळवायची व मग पुन्हा कातायची. शेवटी फिरत्या वाटीवर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते.

ही लाख बालाघाटच्या जंगलातील पळस व कुसुम या झाडांवर होते. कातकामाला उत्तम असे मऊ, पांढरे लाकूड मध्य प्रदेशातील बुधनीचे कारागीर ‘दूधी’ नावाने ओळखतात, कर्नाटकातील चन्नपट्टणचे ‘आले’ म्हणून. मराठीत तोच काळा कुडा.

चन्नपट्टणच्या कलेचे श्रेय परंपरा टिपू सुलतानाला देते. त्याने इराणी कारागीर आणले असे सांगतात. त्याची कारकीर्द 1782 ते 1799 ही. पुढे विसाव्या शतकात तेथे बवास मियाँ यांनी या कामाला नवे वळण दिले. सावंतवाडीच्या लाखकामातही खेम सावंत तिसरे व पुढचे भोसले घराणे यांची नावे घेतली जातात. दोन्हीकडे आश्रयदात्याचे नाव ठळक राहिले; वाट्या कातणारे बहुतेक हात मात्र निनावीच राहिले.

इतिहासाच्या अध्यापकांपुढील खरा प्रश्न येथे आहे. दरबारी कागदांत या कारागिराची नोंद क्वचितच सापडते. ती त्याच्या शब्दांत, हत्यारांच्या नावांत व लाकडाच्या निवडीत असते. आपल्या वर्गात खरादी, सुतार, लखेरा घरांतील विद्यार्थी बसतात. त्यांच्या आजोबांनी कोणते लाकूड वापरले, हत्याराला काय म्हटले, काम का सोडले, हे त्यांच्याकडूनच लिहवून घेतले तर एक अस्सल साधन तयार होईल. जाणती पिढी हयात आहे तोवरच हे शक्य आहे.